सव्वा मूठ गहू

जळगाव, ता. २२ फेब्रुवारी १९५६

झुंबरअक्कांस हिलालचा नमस्कार.

मी परवा घरी पोचलो. घरी असं लिहिलं खरं, पण ते किती दिवस टिकतं कोण जाणे, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. आबांच्या अस्थी घेऊन आलो होतो तेव्हाच तुमच्या ओट्यावर बसून सांगणार होतो. तुम्ही ताकाचा तांब्या पुढं ठेवलात आणि मी तो पिऊन गाडी गाठली.

आमची खोली तुम्ही पाहिलेली नाही. कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत आहे, दहा हात लांब आणि आठ हात रुंद. आबा धरून आम्ही सात जण होतो. चार दिवसपाळीचे, तीन रातपाळीचे, त्यामुळं एकाची वाकळ थंड व्हायच्या आत दुसरा तिच्यात शिरायचा. भिंतीला सात खुंट्या आहेत, त्या आबांनी ठोकलेल्या. ज्याची खुंटी त्याची. दुसऱ्याच्या खुंटीवर सदरा अडकवला की आबा तो बोटानं उचलून खाली टाकायचे. बारा वर्षं भाड्याची पावती उखर्डू आबांच्याच नावानं फाटली. आम्ही आपला वाटा आबांच्या हातात द्यायचो आणि पावतीकडं बघायचोही नाही. आता बघतोय.

तेराव्याच्या आधीच घरमालक रुपचंदशेट दारात उभा. म्हणाला, पावतीवाला गेला, तुम्ही कोण? त्याला खोलीत सरकीची पोती भरायची आहेत, सोडली नाही तर कोर्टात दावा लावणार आहे. मी वकिलाकडं गेलो. वकील म्हणाला, घाबरू नका, नवा भाडेकायदा भाडेकरूच्याच बाजूचा आहे. भाडेकरू मेला आणि त्याच्या घरचं माणूस त्याच्याबरोबर राहत असलं, तर त्या माणसाला कोणी हलवू शकत नाही. मी म्हटलं, मी नऊ वर्षं आबांच्या शेजारी झोपलो, शेवटचं पाणी मीच घातलं, आगही मीच दिली. तो म्हणाला, पाणी घालणारा कायद्यात नाही. घरचं माणूस पाहिजे.

म्हणून मागणं असं, की मी आबांचा पुतण्या आहे असा एक कागद करून त्यावर आंगठा द्यावा. खोटं आहे हे मला कळतं. माझ्यापुरतं असतं तर मागितलं नसतं. मी कुठंही अंग टाकीन. पण आमच्यात वना म्हणून एक आहे. सातपुड्याकडून आईबापाबरोबर पोटासाठी उतरला, ते दोघं साथीत गेले, मागं ना गाव ना गोत. चौदा वर्षं जिनात राबून छातीत रुई बसलीय. खोकायला लागला की भिंत धरून उभा राहतो. आबा जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाले, वनाला बाहेर काढू नका. या खोलीशिवाय त्याला छप्पर नाही, अक्का. उत्तराची वाट बघतो.

हिलाल


पिंपरखेडी, ता. धुळे. ९ मार्च १९५६

हिलाल यास झुंबरबाईचा आशीर्वाद.

पत्र अभिमन गुरुजी लिहितायत. ते माझं बोलणं पुस्तकासारखं करून टाकतात. मी परत वाचायला लावते आणि खोडायला लावते, मग ते चष्मा पुसत बसतात.

खोटा आंगठा मी देणार नाही. बत्तीस वर्षांचा संसार, त्यातली बारा वर्षं नवरा तुमच्या खोलीत आणि मी इथं. दिवाळी झाली की जायचा, वैशाखात अखाजीच्या सणाला यायचा. तुमच्या भिंतीला खुंट्या ठोकल्या म्हणतोस, माझ्या घराचं दार दोन साल कुरकुरतंय त्याला खिळा मारायला त्याला सवड नव्हती. ते राहू दे. त्याच्या नावावर मी खोटं बोलणार नाही, एवढंच.

आता माझं ऐक. श्रावणात आपली कुळदेवी कानबाई घरी येईल. घरातल्या दर पुरुषामागं सव्वा मूठ गहू मोजायचे, त्याचे गूळ घालून जाड रोट करायचे आणि ते भाऊकीनंच खायचे, हे तुला सांगायला नको. माझ्या घरात एकच मूठ होती. आता तीही नाही. माझा चुलत दीर बन्सीलाल लोकांत बोलतो, ज्या घरात मूठ नाही त्या घरात कानबाई बसत नाही, तिचा पूजेचा नारळ माझ्या घरी आणून ठेवा. तो नारळ माझ्या सासूनं माझ्या ओटीत घातलाय. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला, तो एक नारळ घरात उरलाय. तो गेला तर मी कोणाच्या घरात राहते ते मलाच सांगता येणार नाही.

तू आमच्या जातीतलाच आहेस. श्रावणात ये. तुझी सव्वा मूठ मी मोजीन, भाऊकीत बसून रोट खा. मग, गुरुजी, हे मी बोलते तसंच लिहा, तू मना पुतन्या शे. मग आंगठा खोटा नाही. कोर्टाची तारीख तोवर लांबव. पण एका माणसाची मूठ दोन घरी मोजत नाहीत. तुझ्या भावाच्या घरी तुझी बंद होईल. नीट विचार कर. तुझी खोली आणि माझा नारळ एका तागडीत घालून मी बोलतेय असं तुला वाटलं, तर तसंच आहे.

झुंबरबाई


जळगाव, ता. १६ मे १९५६

काकींस हिलालचा नमस्कार.

अक्का लिहायला घेतलं होतं. म्हटलं, सवय आतापासूनच करावी.

भावाला, छगनला, चाळीसगावच्या बाजारात भेटून सगळं सांगितलं. तो बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, एका भाड्याच्या खोलीसाठी तू बापाच्या घरची मूठ सोडतोस? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मग अखाजीलाही येऊ नकोस. परवा अखाजी झाली. मी गेलो नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

जिनाचा हंगाम संपला. बाकीचे चौघं घरी गेले, मी आणि वना इथं. खोली रिकामी सोडू नका, रिकामी दिसली की शेट कुलूप घालील असं वकिलानं बजावलंय. म्हणून राखण करतोय. दिवसभर दोघंजण भिंतीला टेकून बसतो. कुंदाबाईच्या खानावळीतून भाकरी येते, वना तिचा अर्धा तुकडा खातो आणि उरलेला मला खपवतो. त्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं. नारळाचं ऐकून त्यानं हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, काकीला विचार, रोट कसा लागतो. एवढी वर्षं तुम्ही बठ्ठे जण श्रावणात गावी रोट खाता, मी इथं कुलपासारखा. येताना मला एक तुकडा आण.

मी येतो, काकी. तारीख पावसाळ्यानंतरची मिळालीय.

हिलाल


पिंपरखेडी, ता. २० जुलै १९५६

हिलाल यास आशीर्वाद.

भाऊकी बसली. बन्सीलाल म्हणाला, कुठल्या खोलीतला कोण, त्याला मूठ कशी? मी म्हटलं, तुझ्या भावाच्या तोंडात पाणी कोणी घातलं, तू का? त्यावर म्हातारे लोटन आबा म्हणाले, बाई बरोबर बोलते, आग देणारा पुतण्याच. मग मिटलं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट. शनिवारी संध्याकाळपर्यंत ये. नवं धोतर नेसून ये. खोलीला वना आहेच.

झुंबरबाई


जळगाव, ता. ३० ऑगस्ट १९५६

काकींस हिलालचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं सगळं ठीक. वनानं खोली राखली. शेटचा माणूस दोनदा डोकावून गेला, पण वना दारातच आडवा पडून होता.

तुम्ही मूठ मोजलीत तेव्हा मी तुमच्या हाताकडंच बघत होतो. आमच्या घरी आई मोजायची ते असंच, आधी भरून मूठ आणि मग वर चार बोटांची चिमूट. आई गेल्यावर वहिनी वाटीनं मोजायची.

एक गोष्ट मनात राहिली ती लिहितो. मी रोटाचा तुकडा धोतराच्या सोग्यात बांधला होता. निघताना तुम्ही तो गाठीवरूनच ओळखलात, सोडलात आणि परत परातीत ठेवलात. म्हणालात, भाऊकीबाहेर घास जात नाही. मी निघालो. वनानं माझे रिकामे हात बघितले आणि हसला. म्हणाला, बरं झालं, गुळाचं मला सोसत नाही.

हिलाल


पिंपरखेडी, ता. १७ सप्टेंबर १९५६

हिलाल यास आशीर्वाद.

आंगठ्याचा कागद सोबत आहे. गुरुजींनी आणि लोटन आबांनी साक्ष घातलीय.

तुकडा काढून घेतला याचा राग धरू नको. नियम मी केलेला नाही. मी मोडला असता तर बन्सीलाल दारातच उभा होता, नारळ उचलायला. सध्या नारळ माझ्याकडंच आहे. दाराला तू खिळा मारलास, आता कुरकुरत नाही, मला रात्री चुकल्यासारखं होतं.

झुंबरबाई


जळगाव, ता. ९ डिसेंबर १९५६

काकींस हिलालचा नमस्कार.

खटला जिंकलो. असं सगळे म्हणतात, वकील तर पेढा खाऊन गेला. आता काय झालं ते सांगतो.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो. वाटलं, शेटचा वकील खोटा म्हणून सोलून काढील. तो गोड बोलला. म्हणाला, तुम्ही उखर्डूचे पुतणे, कानबाईचा रोट खाल्ला, बरोबर? मी म्हटलं, बरोबर. तो रोट घरच्याशिवाय कोणी खात नाही ना? मी छाती काढून सांगितलं, तुकडासुद्धा बाहेर जात नाही. त्यानं विचारलं, मग खोलीतल्या बाकीच्या पाच जणांनी खाल्ला? मी म्हटलं, नाही. वनाला दिला? मी म्हटलं, नाही, तो भाऊकीतला नाही. तो म्हणाला, म्हणजे ही पाच माणसं घरची नाहीत. मी म्हटलं, नाहीत.

माझ्याच तोंडानं, काकी. शपथेवर.

मग शेट तडजोडीला तयार झाला. खोली हिलालच्या नावानं, पावती हिलालच्या नावानं, हयातभर कोणी हलवणार नाही. आमच्या वकिलानं पाठीवर थाप मारली, मी सही केली. बाहेर आल्यावर त्यानं खालच्या ओळी वाचून दाखवल्या. घरच्याशिवाय दुसऱ्या कोणाला खोलीत ठेवणार नाही. ठेवलं तर तो पोटभाडेकरू, आणि पोटभाडेकरू ठेवला की माझीही खोली गेली. बाकीच्यांना काढायला महिन्याची मुदत. मी म्हटलं, आम्ही तर त्यांच्यासाठीच भांडत होतो. वकील म्हणाला, तुम्ही तसं सांगितलं असतंत तर पहिल्याच दिवशी हरला असतात.

चौघांनी नशिराबादला एका गोठ्याच्या पडवीत जागा बघितली. तिथून पाळीला चालत येतात. जाताना कोणी मला टाकून बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. वनाला मी ठेवलाय, दिवसा बाहेर आणि अंधार पडल्यावर आत. सात खुंट्या आहेत, सदरे दोन.

हिलाल


पिंपरखेडी, ता. ४ जानेवारी १९५७

चि. हिलाल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा गुरुजी तालुक्याला गेले होते. बन्सीलालच्या पोरानं वाचलं, तो चौथीत आहे, अडखळत अर्धंमुर्धं वाचलं. पण खटला जिंकलास एवढं कळलं. मी साखर वाटली. भाऊकीत सगळ्यांना सांगितलं, माझ्या पुतण्याची जळगावात हक्काची खोली आहे.

आता एकट्यानं राहू नको. गावातल्या ताईबाईची पोरगी आहे, नाकीडोळी नीटस, जळगावला यायला तयार आहे. खोली रिकामी झालीय म्हणतोस, मग आता अडचण कसली? होकार कळव.

झुंबरबाई


जळगाव, ता. २० मार्च १९५७

काकींस हिलालचा नमस्कार.

पोरीचं नंतर. हे पत्र गुरुजींकडूनच वाचून घ्या, दुसऱ्या कोणाकडून नको.

शेटचा माणूस पहाटे येऊन अंथरुणं मोजायचा. वना दाराच्या चाहुलीनं उठून मागच्या गटारीच्या कडेला जाऊन बसायचा. थंडीत असं दोन महिने चाललं. खोकला आला की तोंडात उपरणं कोंबायचा, आवाज जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, मरू दे ती खोली, तू आत झोप. तो म्हणाला, माझ्यापायी तुझीही गेली तर आबा मला वर घेणार नाहीत. गेल्या सोमवारी पाळीवरून आलो तर त्याच्या खुंटीवर काही नव्हतं. आता तो जिनाच्या पडवीत गाठोड्यांच्या आडोशाला झोपतो. त्या धुळीतच. मी भाकरी नेऊन देतो. बोलावलं तर येत नाही.

काकी, माझं एक ऐका. माझी मूठ मोजलीत आणि मी घरचा झालो. कायद्याला तेवढंच पाहिजे होतं. तशीच एक वनाची मोजा. त्याची जात विचारू नका, मला विचारायचं धैर्य झालं नाही आणि त्यालाही धड ठाऊक नसावी. सव्वा मूठ गहू. मी इथून पाठवतो हवे तर. मग तो माझा भाऊ, मग त्याला खोलीत कोणी अडवणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी आजच त्याला हाताला धरून आत आणीन.

लवकर लिहा.

हिलाल


जळगाव, ता. २४ जुलै १९५७

काकींस हिलालचा नमस्कार.

चार महिने झाले, उत्तर नाही. मी समजून गेलो. तुम्हाला दोष देत नाही. नारळ तुमच्याकडं एकच आहे.

वना शनिवारी गेला. तीन दिवस झड लागली होती, पडवी चहूकडून गळत होती. मी दोनदा त्याला उचलून खोलीत आणलं, दोनदा तो भिंत धरत परत गेला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गाठोड्याला पाठ लावून बसलेला होता, अंग गार. नशिराबादची जागा सुटू नये म्हणून चौघं यंदा गावी गेले नव्हते, ते आले. आम्ही पाच जणांनी नेला. पुढं मडकं कोण धरणार, घरचं कोण, असं मसणातल्या माणसानं विचारलं. मी धरलं. नातं विचारलं तेव्हा मी खाली बघून आग दिली.

काल शेटला चावी देऊन आलो. त्याला नवल वाटलं. म्हणाला, अरे, तू तर जिंकलास. मी वळलो आणि आलो. आबांनी एकच गोष्ट सांगितली होती आणि ती मी केली नाही. खोली मिळवली आणि त्यालाच बाहेर घातलं. त्या खोलीत मला झोप येत नाही, काकी. छगनकडं जाता येत नाही. उद्याच्या गाडीनं सुरतेला जातो, तिथं गिरण्या आहेत म्हणतात.

यंदा माझी मूठ मोजू नका. तुमच्यावर राग नाही. रोट गिळणार नाही, एवढंच.

हिलाल


पिंपरखेडी, ता. २४ जुलै १९५७

चि. हिलाल यास झुंबरबाईचे आशीर्वाद.

तुझ्या मार्चच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आधी राग आला. म्हटलं, याला एक मूठ दिली तर हा धर्मशाळा उघडायला निघाला. गुरुजींना म्हटलं, पत्र चुलीत घाला. त्यांनी घातलं नाही, दर आठवड्याला येऊन तेच वाचून दाखवायचे. तोंडात उपरणं कोंबतो, ते ऐकलं की माझ्या घशाखाली घास उतरेना. आमचे हेही शेवटच्या पावसाळ्यात इथं होते तेव्हा तसंच करायचे, मी जागी होऊ नये म्हणून.

मग मी भाऊकीपुढं बसले. एकदा नाही, पाचदा. बन्सीलाल म्हणाला, जात माहीत नाही, कूळ माहीत नाही. मी म्हटलं, मग नारळ घेऊन जा, मी कानबाई बसवत नाही. उचलून त्याच्या हातातच दिला. तो घाबरला. आठ दिवस नारळ त्याच्या घरी होता, काल स्वतः आणून देवघरात ठेवला आणि म्हणाला, वैनी, मोजा तुम्हाला मोजायच्या तेवढ्या.

तर यंदा माझ्या घरी दोन मुठी. गहू निवडून ठेवलेत. कोर्टाचा कागद गुरुजी करतायत, वना हा उखर्डूचा धाकटा पुतण्या, आंगठा मी आजच देते. त्याला आत्ताच्या आत्ता खोलीत घे. शेटनं विचारलं तर सांग, कागद येतोय.

रविवारी ४ तारखेला रोट आहे. त्याला घेऊन ये. त्याला सांग, तुकडा घराबाहेर जात नाही म्हणून त्यानंच यावं. गूळ कमी घालीन. त्याला चालवणार नाही म्हणून बन्सीलालची गाडी शनिवारी दुपारपासून फागण्याच्या फाट्यावर उभी राहील. आत गवत टाकलंय आणि वर गोणपाट बांधलाय. उशीर झाला तरी चालेल, गाडीवाल्याला थांबायला सांगितलंय.

झुंबरबाई